थोडाच पाऊस, थोडा तरी पाऊस

इंग्रजीत ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांच्यात फक्त एका ‘अ’चा फरक आहे. ‘देअर इज लिटल वॉटर इन द वेल’ म्हटलं, तर विहीर आटल्यातच जमा आहे, दुसरी सोय बघा. ‘देअर इज अ लिटल वॉटर’ म्हटलं, तर तळाला आहे, बादली बुडेल, आजचा दिवस निघेल. विहीर तीच, पाणीही तेवढंच. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ची गोष्ट अशीच. कार्याला ‘फ्यू’ माणसं आली म्हणजे मन खट्टू झालं. ‘अ फ्यू’ आली म्हणजे चार जण का होईना आले, पंगत बसली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. व्याकरणाच्या पुस्तकांत हा भाग अर्ध्या पानात उरकलेला असतो. एक नकारार्थी, एक होकारार्थी, खाली रिकाम्या जागा भरा. मुलं पाठ करतात आणि पेपरात हमखास गोंधळतात, कारण वहीत दोन्ही शब्दांसमोर त्यांनी ‘थोडे’ हा एकच अर्थ लिहिलेला असतो. हा भाग मी जूनच्या शेवटी घेते. त्या दिवसांत आमच्याकडं दुसरा विषयच नसतो. आभाळ येतं, वारा सुटतो, आभाळ जातं. शाळेत येणारं प्रत्येक पोर घरून पावसाचाच विचार डोक्यात घेऊन आलेलं असतं.

“काल रात्री तुमच्या वावरात पाणी आला का?” मी विचारते. आमच्या भागात पाऊस म्हणजे पाणी, आणि तो ‘आला’.

“आला, पण थोडासाच आला,” एक मुलगा म्हणाला होता.

मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, “थोडासा तं आला, मॅडम.”

दोघांची शेतं एकमेकांना लागून, मधे फक्त एक धुरा, म्हणजे बांध. दोघांच्याही शेतावर सारखाच शिडकावा झाला होता. पण पहिल्याच्या बाबांनी धूळपेरणी केली होती. सरकी कोरड्या मातीत डोबून ठेवलेली होती. अशा बियाण्याला अर्धवट पाऊस हा सगळ्यांत वाईट. बी फुगतं, कोंब काढतं, आणि खाली ओल नसल्यानं चार दिवसांच्या उन्हात वाळून जातं. मग दुबार पेरणी, पुन्हा बियाण्याचे पैसे. त्याच्यापेक्षा कोरडं राहिलेलं परवडतं. दुसऱ्याच्या घरी बियाण्याच्या थैल्या अजून फोडलेल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांना तो पाऊस पुढच्या मोठ्या पावसाच्या वर्दीसारखा वाटला. मी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली, ‘च’ आणि ‘तं’ यांच्याखाली रेघा मारल्या, आणि शेजारी ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ लिहिलं. त्या वर्गाला हा भाग पुन्हा शिकवावा लागला नाही.

तेव्हापासून अगदी कमी, नगण्य, किंचित असं सांगणाऱ्या शब्दांकडं मी फार लक्ष देऊ लागले. इंग्रजीतही आणि आपल्याकडंही. मला असं दिसत गेलं की या शब्दांत माप क्वचित असतं. बोलणाऱ्याला ते थोडं पुरलं की नाही, ते त्यांत असतं. कोरडवाहू मुलखात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही, कारण त्याचं अख्खं वर्ष त्या पुरण्या-न पुरण्यावर चालतं.

इंग्रजीत या शब्दांचा एक मोठा कळप असा आहे, जो फक्त ‘नाही’ म्हणायलाच बाहेर पडतो. ‘आयोटा’, ‘जॉट’, ‘व्हिट’, ‘श्रेड’, ‘सिंटिला’. ‘माझ्याकडं एक आयोटा तांदूळ आहे’ असं कुणी म्हणत नाही. ‘एक आयोटाही फरक नाही’ असंच म्हणतात. आपलेही शब्द नेमके असेच वागतात. तिळमात्र शंका नाही, काडीचा उपयोग नाही, तसूभर सरकला नाही. ‘मला काडीचा उपयोग झाला’ असं कुणी म्हणून बघावं, ऐकणारा पुढच्या ‘नाही’ची वाट पाहत थांबेल. हाताशी असलेली सगळ्यांत बारीक वस्तू उचलायची आणि तेवढंसुद्धा नाही म्हणायचं, ही रीत दोन्हीकडं आहे. वस्तू तेवढ्या आपापल्या. आपल्याला तीळ, राई, काडी, कवडी सापडली. तसू हे गजाचा चोविसावा भाग असलेलं जुनं माप. गज गेला, तसू राहिला, तोही फक्त नकारात.

इंग्रजीनं यासाठी अक्षर उचललं. आयोटा हे ग्रीक लिपीतलं सगळ्यांत लहान अक्षर, एक उभी रेघ. काही स्वरांच्या पायाशी तर ते आपल्या उकारासारखं बारीक होऊन बसतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की नियमशास्त्रातलं एक लहानसं अक्षर किंवा एक फाटासुद्धा नाहीसा होणार नाही. 1611 च्या इंग्रजी बायबलात तिथं ‘जॉट’ आणि ‘टिटल’ आले. जॉट हे आयोटाचंच बदललेलं रूप, आणि टिटल म्हणजे अक्षरावरचा ठिपका किंवा फाटा. म्हणजे एकच ग्रीक अक्षर इंग्रजीत दोन दारांनी शिरलं आणि दोन्ही रूपांत टिकलं.

या आयोटानं एकदा अख्खा धर्म हलवला होता. इ.स. 325 मध्ये नायसिया इथं ख्रिस्ती धर्मगुरूंची परिषद भरली. पुत्र (येशू) हा पित्याशी (देवाशी) ‘एकाच तत्त्वाचा’ आहे असं तिथं ठरलं, आणि त्यासाठी ‘होमोऊसिओस’ हा ग्रीक शब्द घेतला गेला. पुढं काही जण म्हणू लागले की ‘सारख्या तत्त्वाचा’ म्हणावं, ‘होमोइऊसिओस’. ग्रीकमध्ये लिहिलं तर दोन्ही शब्दांत फरक एका आयोटाचा. त्या एका रेघेवरून चौथ्या शतकात बिशप पदावरून गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. ‘एक’ आणि ‘सारखा’ यांत किती अंतर आहे हे ज्यांच्या श्रद्धेचा प्रश्न होता त्यांनाच कळत होतं.

आपल्याकडंही अक्षराच्या बारीकपणाचा हिशेब ठेवणारे लोक होऊन गेले. संस्कृत व्याकरणकारांबद्दल जुनी म्हण आहे की सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना मुलगा झाल्याएवढा आनंद होतो. ‘काना-मात्रेचाही फरक नाही’ असं आपण म्हणतो, ते ‘नॉट अ जॉट’च्या फार जवळचं आहे. शिकवताना मला हे जोडून सांगावंसं वाटतं, कारण मुलांना इंग्रजी ही परक्या हुशारीची भाषा वाटते. मोठ्या लोकांचं अडलं कुठं, तर एका वेलांटीवर, हे कळलं की त्यांचा धाक कमी होतो.

आमच्या गावातले एक आजोबा मागं वरच्या कोर्टाचा इंग्रजी निकाल घेऊन माझ्याकडं आले होते. धुऱ्याचं भांडण. विदर्भात बांधाला धुरा म्हणतात आणि धुऱ्यावरून जेवढी डोकी फुटली असतील तेवढी दुसऱ्या कशावरून फुटली नसतील. शेजारी दरवर्षी वखर धुऱ्याला जरा अधिक चिकटवून नेतो. एका वर्षात काही कळत नाही. दहा वर्षांत धुरा वीतभर सरकतो. बाहेरच्या माणसाला वीतभर जमिनीसाठी कोर्टात जाणं वेडेपणा वाटतो. पण वीतभर रुंदीची पट्टी दोनशे मीटर लांब असली की जवळजवळ अर्धा गुंठा भरतो, आणि तो आपल्या बापानं वाहिलेला अर्धा गुंठा असतो. दुर्योधनानं सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन द्यायला नकार दिला, त्या गोष्टीत आम्हा खेडुतांना नवल वाटत नाही.

निकालात एक वाक्य होतं की समोरच्याच्या दाव्याला ‘नॉट ईव्हन अॅन आयोटा ऑफ एव्हिडन्स’. आपल्याकडच्या इंग्रजी निकालपत्रांत हे वाक्य नेहमी भेटतं. आजोबांनी बोट ठेवून विचारलं, “हे काय हाय, बाई?”

मी सांगितलं, “आजोबा, त्याच्याकडं पुरावा अजिबात नाही असं लिहिलं आहे.”

“अजिबात म्हंजे? थोडासाही नाई?”

“थोडासाही नाही.”

“काडीचाही नाई?”

“काडीचाही नाही.”

तेव्हा कुठं त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. ‘अजिबात’ त्यांना पुरेसं नव्हतं. मोजता येईल अशी, हातात धरता येईल अशी वस्तू पुढं करून तीही नाही म्हटल्यावरच नकार त्यांना पक्का वाटला. भाषेला हे शब्द का लागतात याचं याहून चांगलं उत्तर मला कुठं मिळालेलं नाही. नुसता ‘नाही’ हवेत राहतो. काडी, तीळ, आयोटा त्याला जमिनीवर आणतात. ‘सिंटिला’ हा लॅटिन शब्द म्हणजे ठिणगी. वकिलांच्या इंग्रजीत तोही पुराव्याच्याच संगतीनं येतो. ‘व्हिट’ मात्र मला जरा फिका वाटतो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘जीव’ किंवा ‘वस्तू’ असा होता, डोळ्यापुढं काही उभं राहत नाही.

आता वजनाचे शब्द. इथं मात्र खरी मापं आहेत, आणि ती दाण्यांनी केलेली आहेत. इंग्रजीत ‘ग्रेन’ म्हणजे धान्याचा दाणा. तेच वजनाचं एकक, आजच्या हिशेबात सुमारे 64.8 मिलीग्रॅम. ‘अ ग्रेन ऑफ ट्रुथ’ म्हणतात तो हाच दाणा. वीस ग्रेनांचा एक ‘स्क्रुपल’ होई. औषधं विकणाऱ्यांचं ते माप. लॅटिनमधला मूळ शब्द म्हणजे टोकदार बारीक खडा, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मनाची टोचणी. ज्या माणसाला ‘स्क्रुपल्स’ नाहीत त्याला वाईट वागताना काही टोचत नाही. अनवाणी वावरात चाललेल्या माणसाला हे समजायला कोश लागत नाही.

आपल्याकडं दाण्याचं काम गुंजेनं केलं. लाल, वर काळा डोळा, झुडपांवर नि कुंपणावर चढणाऱ्या वेलीची. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. बी सुंदर आणि विषारी, म्हणून लहान पोरांच्या हातातून आया ते हिसकावून घेतात. सोनारानं मात्र शतकानुशतकं तिच्यावर विश्वास टाकला. 1833 मध्ये इंग्रजांनी तोळा 180 ग्रेनांचा ठरवला, म्हणजे 11.66 ग्रॅम. तिथं इंग्रजांचा दाणा आणि आपली गुंज एकाच ताजव्यात आली. आज बाजारात सराफाकडं तोळा म्हणजे सरळ 10 ग्रॅम. आजीच्या तोळ्यातून 1.66 ग्रॅम कधी गेलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. गुंजांत मोजलं तर साडेतेरा गुंजांहून जास्त. आमच्याकडं लग्नात ‘एक डोरलं, दोन मणी’ असा हिशेब चालतो. त्या घरांत साडेतेरा गुंजा म्हणजे थोडं नसतं. म्हणून कुणी जुना दागिना मोडायला निघालं की मी आधी ग्रॅम विचारून घ्यायला सांगते.

स्वयंपाकाच्या शब्दांवर मी फार रेंगाळणार नाही, त्यांवर बरेच लोक लिहितात. ‘पिंच’ म्हणजे चिमूट, ते सोपं. ‘डॅश’ म्हणजे एक फटकारा, आपल्या तेलाच्या धारेसारखा. ‘स्मिजन’ हा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुजलेला. आता या तिघांचे चमचेच मिळतात. साधारण रिवाज असा की डॅश म्हणजे चहाच्या चमच्याचा आठवा भाग, पिंच सोळावा, स्मिजन बत्तिसावा. चमच्यावर तसं कोरलेलं असतं. मला ते चमचे आवडत नाहीत. चिमूट ही चिमटीच्या मालकिणीची असते, आणि भाजीला तिची चव येते ती त्यामुळेच.

पण एक शब्द मात्र सोडवत नाही. ‘विरजणापुरतं’. शेजारची बाई वाटी घेऊन येते, “जराक दही दे वं, विरजणापुरतं.” बोट बुडेल एवढं दही जातं, सकाळी तिच्या घरी गंजभर, म्हणजे पातेलंभर, दही होतं, आणि तुमच्या घरचं विरजण बिघडलं की तुम्ही तिच्याकडून तेच परत आणता. इंग्रजीतल्या ‘मोडिकम’, ‘टॅड’, ‘स्पेक’ या सगळ्यांत मला असा शब्द सापडला नाही, ज्यात थोडं हे पुढच्या पुष्कळाचं मूळ असतं. ‘जराक’ हा तर आमचा चलनी शब्द. जराक थांब, जराक सरक, जराक बघ. त्यात आर्जव असतं. ‘थोडं थांब’मध्ये ते येत नाही.

इंग्रजीतला सगळ्यांत जास्त वापरातला लहान शब्द ‘बिट’. तो चाव्याचा शब्द आहे, दातानं तोडलेला तुकडा, आपला घास. इंग्रज माणूस ‘अ बिट’ इतक्या ठिकाणी वापरतो की त्याचा दुसराच उपयोग लक्षात येतो. ‘आय अॅम अ बिट वरीड’ म्हणणारा पुष्कळदा रात्रभर झोपलेला नसतो. ‘इट्स अ बिट डिफिकल्ट’ म्हणजे होणार नाही. लहान शब्दाआड मोठी गोष्ट ठेवायची, समोरच्याला अवघडवायचं नाही, स्वतःला उघडं पाडायचं नाही. ही सभ्यता आहे असं ते मानतात.

आमच्या कास्तकाराकडं ही सभ्यता काठोकाठ भरलेली आहे. विचारा, “कसं आहे काका यंदा?” उत्तर येतं, “ठीकच हाय. जराक पिकाचं मागं-पुढं झालं.” पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, बोंडअळी पडलेली असते, निम्मी बोंडं किडकी निघालेली असतात, आणि शब्द येतो ‘जराक’. “बँकेचं थोडंसं हाय.” त्या थोड्याशामध्ये मागच्या तीन हंगामांचं व्याज असतं, सावकाराचं वेगळं असतं आणि मुलीच्या लग्नाचं त्याहून वेगळं. या जिल्ह्यानं जे पाहिलं आहे त्यानंतर मला ‘थोडंसं’ हा शब्द कुणा काकांच्या तोंडून ऐकला की पुढं जाववत नाही. मी थांबते, चहा टाकते आणि विचारते, “थोडंसं म्हणजे किती?” आकडा सांगायला माणूस लाजतो. पण एकदा सांगितला की खांदे खाली येतात. शाळेत गैरहजर मुलाच्या घरी गेले की हा प्रश्न मी विचारतेच, मग कुणी आगाऊ म्हणो. ‘अ बिट’ ऐकून इंग्रज मित्र खरी गोष्ट ओळखत असतील कदाचित. आपणही ओळखतो. ओळखून गप्प बसतो, आणि ते मला पटत नाही.

आणि अशा गावात एक इंग्रजी शब्द येतो, जो सगळ्यांत लहान असून सगळ्यांत प्रामाणिक आहे. ‘ट्रेस’. हवामान खात्याच्या नोंदीत पाऊस 0.1 मिलिमीटरहून कमी पडला, म्हणजे भांडं ओलं झालं पण मोजता येण्यासारखं साचलं नाही, की तिथं ‘ट्रेस’ लिहितात. शून्य लिहीत नाहीत. पडला हे खरं, म्हणून शून्य खोटं. मोजता आला नाही हेही खरं, म्हणून आकडा खोटा. आमच्याकडं याला बुरबुर म्हणतात, अंगावर कळते, मातीला कळत नाही. पण ‘ट्रेस’ लिहिणाऱ्या माणसाची ती काळजी मला फार मोलाची वाटते.

पावसाच्या बारीक आकड्यांचं आमच्या जगण्यात किती वजन आहे हे शहरातल्या माणसाला सांगूनही पटत नाही. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर पाणी. एकरभर शेतावर ते 4,000 लिटरच्या वर जातं. तरी ढेकूळ फुटत नाही. दिवसात 2.5 मिलिमीटर झाला तरच हवामान खातं तो पावसाचा दिवस धरतं. कृषी विभाग सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. आमचे बाबा मिलिमीटर मानत नाहीत. ते धुऱ्याजवळ माती उकरतात, बोट घालतात, मग हात घालतात. “इतभर वल गेली नाई अजून,” म्हणतात आणि घरी येतात. त्यांचं वीतभर आणि खात्याचे मिलिमीटर बहुतेकदा एकाच दिवशी पेरणीचा निकाल देतात, हे मी पाहत आले आहे.

आकडा उलट्या बाजूनंही कापतो. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी. 63 झाला तर नाही, मग वाहून गेलेली माती तेवढीच का असेना. रुपयाच्या पिकापैकी 50 पैशांच्या आत हाती आलं, की पैसेवारी दुष्काळाकडं बोट दाखवते. जुन्या लोकांच्या तोंडी ती अजून आणेवारीच. 51 पैसे म्हटलं की गावातलं वातावरण बदलतं. सरकारी खरेदीत कापसाचा ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12च्या पुढं गेला की माप होत नाही. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस आणि दुपारच्या उन्हात वेचलेला कापूस यांत हाताला फरक लागत नाही, यंत्राला लागतो. म्हणून वेचणाऱ्या बायांनी कामाची वेळ बदलली, घरांच्या ओसऱ्यांवर कापूस पसरला जाऊ लागला.

यापुढचा शब्द ‘पीपीएम’. दहा लाखांत एक भाग. आमच्या जिल्ह्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते 1 पीपीएमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे लिटरभर पाण्यात दीड मिलीग्रॅम. गुंजेचा ऐंशीवा भाग. याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की आधी मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, मग मोठ्यांची हाडं धरतात. असं पाणी चवीला गोड लागतं, वास नाही, गाळ नाही. कितीतरी आज्या अजून म्हणतात, “इतकुशानं काय होते?” म्हणून मी दहावीच्या मुलांना ‘ट्रेस’, ‘पीपीएम’ आणि ‘डोस’ हे शब्द पुस्तकात नसले तरी शिकवते. ‘आयोटा’ नाही आला तर अडणार नाही. हे अडेल.

आणि फवारणी. 2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. बातम्या देशभर झाल्या, काही महिन्यांनी विरल्या. इथं मात्र प्रत्येक गावाला कुणी ना कुणी आठवतो. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंडलेली, तोंडाला रुमाल, पाठीवर पंप. आणि औषधाचं माप काय? झाकणभर. हा आमच्याकडचा सगळ्यांत धोक्याचा लहान शब्द आहे. प्रत्येक कंपनीच्या बाटलीचं झाकण वेगळं. कुणाचं दीडपट मोठं, कुणाचं निम्मं. त्यात ‘अळी मरत नाई तं अजून जराक’ म्हणून अर्धं झाकण वर. बाटलीवर त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. सोबतच्या पत्रकात बारीक अक्षरात किती पाण्याला किती औषध ते लिहिलेलं असतं. चिमूट भाजीत चालते. चिमूट इथं आणायची नाही.

माझे एक सहकारी म्हणतात की खेड्यातल्या मुलांना ‘सम’ आणि ‘अ लिटल’ एवढं आलं तरी पास होतात, बाकी कशाला. मी त्यांच्याशी वाद घालते आणि घालत राहणार. ऑगस्टमध्ये मी वर्गात रिकामी, नीट धुतलेली तेलाची, सरबताची, खोकल्याच्या औषधाची झाकणं मागवते. शेतातल्या औषधाचं झाकण आणायचं नाही, ही सक्त ताकीद. प्रयोगशाळेतलं मोजपात्र टेबलावर ठेवते. मुलं प्रत्येक झाकण पाण्यानं भरून मोजतात आणि फळ्यावर इंग्रजीत लिहितात, ‘धिस कॅप होल्ड्स सेव्हन मिलिलिटर्स’, ‘धिस वन होल्ड्स अ लिटल मोअर’. कुणाचं 5 भरतं, कुणाचं 11, एखाद्याचं 15. मग त्यातलाच एक जण न सांगता विचारतो, “मग बाबा कोणत्या झाकणानं टाकते?” त्या संध्याकाळी पोरं शाळेतून घरी जातात आणि बाटल्यांवरची पत्रकं शोधू लागतात. मागच्या वर्गातला एक मुलगा दुसऱ्या दिवशी मला सांगत आला की त्याच्या बाबांनी कृषी केंद्रातून मापाचा कप मागून आणला, आणि दुकानदारानं तो फुकट दिला. ही गोष्ट तो वर्गात तीनदा सांगून मोकळा झाला. यंदा मला तसे कप आधीच आणून ठेवायचे आहेत, सगळ्या वर्गाला पुरतील एवढे.